साखर, मीठ आणि आतड्यातलं एक दार

अकरावीच्या बायोलॉजीत जे चित्र काढून काढून कंटाळा आला होता, त्याच चित्रातल्या एका दाराने जगात लाखो जीव वाचवले. ते दार आत्ता तुमच्याही पोटात आहे. पण ते उघडायचं कसं, हे आपल्यापैकी किती जणांना माहितीये?

प्रद्रव्यपटल. निवडक्षम पारपटल. विसरण. परासरण. समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी. शब्द वाचूनच झोप आली ना? इंग्लिश मीडियमवाल्यांनो, तुम्हीही फार खूश होऊ नका. ऑस्मोसिसची व्याख्या परीक्षेपुरती पाठ केली आणि पेपर देऊन विसरलो, हे आपल्या सगळ्यांचंच झालंय. कॉमर्स आणि आर्ट्सच्या मंडळींनी तर दहावीनंतर या धड्याचं तोंडही पाहिलं नसेल.

आता एक साधा प्रश्न. उद्या ट्रेकवरून परत येताना ग्रुपमधल्या एकाला जुलाब सुरू झाले, तर तुम्ही त्याच्या हातात काय द्याल? साधं पाणी, थंडगार कोला, एनर्जी ड्रिंक, टेट्रापॅकमधला ज्यूस, की ओआरएस? आणि ओआरएस द्याल, तर पुडी किती पाण्यात टाकाल? या प्रश्नाचं बरोबर उत्तर त्याच कंटाळवाण्या धड्यात आहे. म्हणून आज तो धडा पुन्हा उघडूया. मार्क नाहीत, टेन्शन नाही.

तेलाची भिंत

आपली प्रत्येक पेशी एका अतिशय पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. हा पडदा मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचा बनलेला असतो. या रेणूंचं डोकं पाण्याला जवळ करतं आणि शेपट्या पाण्यापासून लांब पळतात. त्यामुळे डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, आणि शेपट्या मध्ये एकमेकींना चिकटून, अशी रचना आपोआप होते. थोडक्यात, दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये तेलाची भिंत.

या भिंतीतून कोण आरपार जातं? ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातात. कुणी परवानगी विचारत नाही. जिथे जास्त आहेत तिथून जिथे कमी आहेत तिकडे ते सरकतात. हेच विसरण. अल्कोहोलही असंच घुसतं, म्हणून तर ते इतक्या झटपट मेंदूपर्यंत पोहोचतं. पण साखरेचा रेणू मोठा आणि पाण्यात रमणारा, त्याला तेल पार करता येत नाही. मिठातला सोडियम आकाराने छोटा असला तरी विद्युतभारित, त्यामुळे त्यालाही नो एंट्री.

पाण्याची गोष्ट वेगळी. घरी काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की आई ओरडते, कारण कोशिंबिरीला पाणी सुटतं. ते पाणी काकडीच्या पेशींमधून बाहेर येतं. बाहेर मीठ जास्त झालं, की पाणी तिकडे ओढलं जातं. उलट मनुका रात्रभर साध्या पाण्यात ठेवल्या की सकाळी टम्म फुगतात, कारण साखर आत जास्त आणि पाणी आत शिरतं. कैरीच्या लोणच्यात बुरशी सहजासहजी का धरत नाही? तिथेही हेच. एवढ्या मिठात बुरशीच्या पेशीतलंच पाणी बाहेर खेचलं जातं. याला म्हणतात परासरण. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात हा धडा रोज चालू असतो, फक्त त्याला कुणी नाव देत नाही.

हॉस्पिटलमधलं सलाइनही याच हिशोबावर चालतं. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के. नुसतं शुद्ध पाणी शिरेत सोडलं तर ते रक्तातल्या लाल पेशींमध्ये घुसेल आणि पेशी फुगून फुटतील.

भिंत आहे म्हणजे दारंही आहेत

भिंत सगळ्यांनाच अडवत बसली तर पेशी उपाशी मरेल. म्हणून पडद्यात जागोजागी प्रथिनांची दारं असतात. यातली काही दारं शोधण्याच्या गोष्टी भारी आहेत.

अमेरिकेतले पीटर ॲग्री रक्तगटाशी संबंधित एका प्रथिनावर काम करत होते. त्यांच्या नमुन्यांत एक भलतंच प्रथिन सारखं मध्ये मध्ये यायचं. ते काय करतं हे पाहण्यासाठी त्यांच्या टीमने बेडकाच्या अंड्यांना ते प्रथिन तयार करायला लावलं आणि ती अंडी पाण्यात टाकली. साधी अंडी निवांत राहिली. प्रथिनवाली अंडी फुगली आणि फुटली! १९९२ मध्ये जगाला कळलं की पाण्यासाठीही वेगळी दारं असतात. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. अशा एका दारातून सेकंदाला अब्जावधी रेणू जाऊ शकतात. ॲग्रींना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरी गोष्ट डेन्मार्कची. येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायातल्या नसा घेऊन काम केलं आणि १९५७ मध्ये एक पंप शोधून काढला. तो एटीपी जाळून तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हे चोवीस तास चालू. तुम्ही आत्ता लोळत हे वाचत असाल तरी तुमच्या शरीराची बरीचशी ऊर्जा हा पंप चालवण्यात जातेय. त्याचा परिणाम असा, की पेशीच्या आत सोडियम कायम कमी आणि बाहेर जास्त. म्हणजे बाहेर सोडियमची गर्दी दारावर उभीच असते, फट मिळाली की आत शिरायला तयार. स्कौंना नोबेल मिळालं १९९७ मध्ये, शोधानंतर ४० वर्षांनी.

आता मुद्द्याचं दार. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरातल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशी साखर आत घेतात ती एकटी घेत नाहीत, सोडियमच्या जोडीने घेतात. सोडियमला आत शिरायची घाई असतेच. त्या ओढीचा फायदा घेऊन साखर आत येते. लोकल स्टेशनात आली की गर्दीचा रेटाच आपल्याला डब्यात नेतो, तसंच काहीसं. पण इथे अट कडक आहे. नुसती साखर आली तर दार तिला ओढून घेत नाही. नुसता सोडियम आला तरी हे दार फिरत नाही. दोघं एकत्र हवेत. आणि दोघं आत गेले की परासरणाच्या नियमाने पाणी त्यांच्या मागोमाग जातं.

या दाराचं नाव एसजीएलटी-१. ते किती महत्त्वाचं आहे? काही अगदी मोजक्या बाळांमध्ये हे दार जन्मतः बिघडलेलं असतं. त्यांना आईचं दूधही पचत नाही, भयंकर जुलाब होऊन जिवावर बेततं. त्यांचं दूध बदलून फ्रुक्टोजवर आधारित आहार दिला की ती बाळं सावरतात, कारण फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे.

पटकीने काय बिघडवलं, काय नाही

कॉलराला मराठीत पटकी म्हणतात. आपल्याकडे जरीमरीची देवळं आहेत, ती या रोगांच्या भीतीतूनच. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जायचा. का? १९५९ मध्ये कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखवलं की कॉलराचा जंतू एक विष सोडतो आणि खरा घोटाळा ते विष करतं.

पुढच्या संशोधनातून चित्र स्पष्ट झालं. आपल्या लहान आतड्यात रोज ८-९ लिटर द्रव येतो. आपण पितो ते आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे धरून. त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जातो. पटकीचं विष आतड्याच्या पेशींमधलं क्लोराइडचं दार उघडं ठेवतं. क्लोराइड बाहेर, त्याच्यामागे सोडियम, आणि त्यांच्यामागे पाणी. नळ उघडा राहिल्यासारखं. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकतं.

पण या सगळ्या गोंधळात साखर-सोडियमच्या जोडीचं दार शाबूत राहतं! विषाने त्याला हातही लावलेला नसतो. म्हणजे एका बाजूने नळ उघडा असला तरी दुसऱ्या बाजूने पाणी भरता येतं. फक्त साखर आणि मीठ योग्य प्रमाणात, एकत्र द्यायचं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी कॉलराच्या रुग्णांवर हे करून दाखवलं. तरी बहुतेक डॉक्टरांचा विश्वास बसेना. पटकीवर उपाय काय, तर शिरेतून सलाइन. साखर-मिठाचं पाणी पाजून कुणी बरं होतं का?

बनगाव, १९७१

मग युद्ध आलं. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात जवळपास एक कोटी लोक भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरचं बनगाव छावण्यांनी भरून गेलं आणि पटकी पसरली. कोलकात्यात संशोधन करणारे डॉ. दिलीप महालनबीस टीम घेऊन तिथल्या छोट्या हॉस्पिटलमध्ये पोहोचले, तेव्हा दोन खोल्या होत्या, खाटा भरलेल्या आणि जमिनीवरही पेशंट. सलाइनचा साठा संपत आलेला. सुया टोचायला शिकलेली माणसं मोजकी.

त्यांनी ठरवलं, पाजायचं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात मोजून पुड्या भरल्या, छावणीत मोठ्या पिंपांत कालवलं, आणि पाजायचं काम दिलं रुग्णांच्या नातेवाइकांना. आई, भाऊ, नवरा, जो कुणी सोबत असेल त्याने कप भरभरून पाजत राहायचं. त्याआधी छावण्यांमध्ये शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. महालनबीसांच्या टीमने उपचार केलेल्यांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

नीट विचार करा. कुठलंही नवं मशीन आलं नव्हतं. आतड्यातलं एक दार उघडं आहे ही माहिती होती, आणि ती नातेवाइकांच्या हातात देण्याची हिंमत. १९७८ मध्ये 'द लॅन्सेट'ने या शोधाला शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतींच्या रांगेत बसवलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्यापैकी अनेकांनी त्यांचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं असेल.

पुढे बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या संस्थेने १९८० पासून दशकभर घरोघरी जाऊन आयांना शिकवलं. तीन बोटांत मावेल एवढी मिठाची चिमूट, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बायकांना पैसे मिळायचे ते आईला किती नीट लक्षात राहिलं त्यावर. म्हणजे 'मी लेक्चर घेतलं' एवढ्यावर भागत नव्हतं. आपल्या कॉलेजांतही ही सिस्टीम आली तर?

मग कोला का नको?

कारण प्रमाण. साध्या कोलामध्ये लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम अगदी नावापुरता. एवढी साखर आतड्यात पोहोचली की दाराला झेपत नाही, कारण जोडीला सोडियमच नाही. उरलेली साखर आतड्यातच बसून राहते आणि कोशिंबिरीतल्या मिठासारखी शरीरातलं पाणी आतड्यात ओढते. म्हणजे तहान लागली म्हणून प्यायलात, आणि जुलाब वाढवून बसलात. पॅकबंद ज्यूसचंही तेच.

याच कारणाने २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ओआरएसचा जुना फॉर्म्युला बदलून तो आणखी सौम्य केला. आता लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. ग्लुकोज आणि सोडियमच्या कणांची संख्या यात समसमान असते. हे द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ आहे, त्यामुळे पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं.

आणि म्हणूनच नावाचा खेळ गंभीर ठरतो. आपल्याकडे कित्येक वर्षं दुकानांत गोड टेट्रापॅक पेयं 'ओआरएस' हा शब्द नावात मिरवत विकली जात होती. आजारी बाळासाठी म्हणून आईबाप तीच घेऊन जायचे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला, की खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' वापरता येणार नाही. तरीही घेताना मागची बाजू वाचायची सवय लावा. समोरचं नाव जाहिरात असते, माहिती मागे बारीक अक्षरांत असते.

'एक सलाइन लावा ना, डॉक्टर'

हे वाक्य कुणाच्या घरी ऐकलं नाहीये? थोडा अशक्तपणा आला, पोट बिघडलं, की सलाइन. बाटली लटकली की घरच्यांना बरं वाटतं, पेशंटला बरं वाटतं आणि बिलही वाढतं. खरं तर माणूस शुद्धीत असेल, पिऊ शकत असेल आणि उलटी होऊन सगळं बाहेर पडत नसेल, तर जुलाबातल्या बहुतेक रुग्णांचं काम पाजण्याने होतं. सलाइनचं काम आहेच, पण ते खूप गंभीर अवस्थेत. पुडीची किंमत काही रुपये. सरकारी आरोग्य केंद्रात आणि गावात आशाताईंकडे ती फुकट मिळते. सरकारी भाषेत तिचं नाव आहे जलसंजीवनी.

स्वस्त आहे, घरी होतं, त्यामुळे तिची किंमत वाटत नाही, हाच प्रॉब्लेम आहे. आजही जुलाबाने जगात दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं दगावतात. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत एखादं लहान मूल असेलच. आजी मीठ घालून भाताची पेज पाजायला सांगत असेल तर तिला जुनाट म्हणू नका. भाताच्या स्टार्चमधून आतड्यात ग्लुकोज सुटतं, मीठ जोडीला असतंच. आजीने एसजीएलटीचं नाव ऐकलेलं नाही, पण दार तिने बरोबर ओळखलंय.

सेव्ह करून ठेवा

• पुडी एक लिटरची आहे की २०० मिलीची, ते आधी वाचा. सांगितलं तेवढंच पाणी घ्या आणि पूर्ण पुडी एकदम टाका. 'स्ट्राँग' करायला कमी पाण्यात टाकलीत तर ती शरीरातलं पाणी उलट बाहेर ओढेल.

• पाणी उकळून थंड केलेलं किंवा शुद्ध हवं. ओआरएस कालवल्यावर पुन्हा उकळू नका. वरून साखर, ज्यूस, सोडा काही नको. २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या.

• पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका, लहान मुलांसाठी तर ते धोक्याचं आहे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि नवीन करा.

• घोट घोट, पण सतत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. जेवण बंद करू नका. बाळ अंगावर पीत असेल तर ते चालूच ठेवा. मुलांना सोबत झिंकही देतात, ते डॉक्टरांना विचारून.

• शौचातून रक्त, खूप ताप, लघवी न होणं, डोळे खोल जाणं, गुंगी, सतत उलट्या, यातलं काहीही दिसलं तर घरी प्रयोग नको, थेट हॉस्पिटल. किडनीचा, हृदयाचा किंवा डायबेटिसचा त्रास असणाऱ्यांनी ओआरएसही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

• ट्रेकच्या बॅगेत आणि हॉस्टेलच्या कपाटात दोन पुड्या टाकून ठेवा. आणि एक्स्पायरी डेट बघा.